1966 सालची गाडी हजारो किलोमीटरच्या क्लासिक रॅलीत टिकेल का?

तुम्ही विचारलंय की वडिलांची 1966 सालची सलून (साधी बंद टपाची कुटुंबाची गाडी) चालू स्थितीत आहे, ती दहा-बारा हजार किलोमीटरच्या क्लासिक रॅलीत, म्हणजे जुन्या गाड्यांच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत, न्यावी का, की वाटेतच मोडून पडेल?

टिकेल. फक्त पळवायची हौस घरी ठेवून निघा. अशा एका रॅलीत दादा स्टिअरिंगवर आणि मी नेव्हिगेटर (शेजारी बसून वाट आणि वेळ सांगणारी), असे आम्ही 1964 सालची चार सिलिंडरची गाडी घेऊन गेलो होतो. निघायच्या आधी सहा महिने आम्ही इंजिनावरच घालवले. त्या इंजिनाने वाटेत एकदाही त्रास दिला नाही. तिसऱ्या दिवशी दगडगोट्यांच्या माळावर मागून खाडकन आवाज आला आणि गाडी एका बाजूला बसली. मागच्या चाकावर गाडी पेलणारा पोलादी पट्ट्यांचा स्प्रिंग म्हणजे पाटा; त्यातल्या डाव्या पाट्याचं मुख्य पान, म्हणजे मुख्य पट्टी, तुटलं होतं. कारण साधं होतं: दोन स्टेपन्या, पेट्रोलचे कॅन, सुट्या भागांची पेटी, तंबू, पाणी. एवढं ओझं लादून आम्ही गाडी आधी कधी चालवलीच नव्हती. लाकडाचा ठोकळा घालून, पट्ट्याने आवळून, वीसच्या वेगाने पुढचं गाव गाठलं. तिथल्या ट्रकच्या मेकॅनिकने जुन्या ट्रकच्या पाट्यातून पान कापलं, भोक पाडलं आणि बसवून दिलं. ते शेवटपर्यंत टिकलं.

म्हणून सगळ्यात आधी खालून सुरुवात करा. पाटे, शॉक अब्सॉर्बर, आणि मुख्य म्हणजे शॉक अब्सॉर्बर जिथे बॉडीला बसतो ती जागा. साठ वर्षांचा पत्रा तिथेच चिरतो. जाड पट्टी वेल्ड करून घ्या, इंजिनाखाली संप गार्ड (तेलाच्या टाकीला दगडांपासून वाचवणारा पत्रा) लावा, पेट्रोलची नळी चेसिसच्या आतल्या बाजूने न्या. मग रॅलीचं सगळं सामान आणि दोन माणसं बसवून गाडी वजनकाट्यावर चढवा. आकडा पाहून निम्मं सामान तुम्ही स्वतःच उतरवाल.

इंजिनाचंही दोन शब्दांत सांगते. दुर्गम भागात कमी ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, त्यावर चढाला नॉकिंग (इंजिनातली टकटक) ऐकू आलं की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, दोन-तीन अंश मागे घ्यायला शिका. 3,000 मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 70 टक्केच उरतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं आणि प्लग काळे पडतात. लहान जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) सोबत ठेवा. पॉइंट आणि कंडेन्सर (प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्रणेचे भाग) आधी बदलून, चालवून बघा आणि चाललेलाच जोड सुटा म्हणून घ्या. कोरा कंडेन्सर डबीतून काढल्यावर बंद निघाला की माळरानावर रडू येतं. रेडिएटरची आतली जाळी नव्याने बसवून घ्या. टाकी उतरवून आतला गंज साफ केला नाही तर पहिल्याच आदळआपटीत तो गाळ फिल्टरमध्ये येऊन बसतो.

आता वेगाचं. बहुतेक क्लासिक रॅलींत मुख्य कसोटी नियमिततेची, म्हणजे ठरलेला सरासरी वेग पाळण्याची, असते. समजा ताशी सरासरी 48 किलोमीटर ठरवून दिली, तर 12 किलोमीटर बरोबर 15 मिनिटांत व्हायला हवेत. उशिराला दंड आहे तसा लवकर पोहोचण्यालाही आहे, आणि वेळ नोंदवणारे लोक वाटेत कुठे बसलेत हे आधी कळत नाही. हे सगळं गणित नेव्हिगेटरच्या मांडीवर चालतं: रोडबुकातल्या (आयोजकांनी दिलेल्या वाटेच्या वहीतल्या) बाण-ठिपक्यांच्या आकृत्या, कापलेलं अंतर दाखवणारा ट्रिपमीटर, दोन घड्याळं. टायर बदलले तरी ट्रिपमीटरचा आकडा सरकतो, म्हणून रोज सकाळी मोजलेल्या अंतरावर तो जुळवून घ्यावा लागतो.

पळण्यापेक्षा टिकणं महत्त्वाचं, हे या खेळाचा इतिहासही दाखवतो. 1907 साली पेकिंगहून (आजचं बीजिंग) पॅरिसला पाच गाड्या निघाल्या. तीन चाकांची काँताल गोबी वाळवंटात सोडून द्यावी लागली. इटलीचे राजपुत्र बोर्गेसे यांची इटाला ही गाडी सैबेरियात पुलासकट खाली कोसळली. पुढे तिचं लाकडी चाक मोडलं, ते एका सुताराने कुऱ्हाडीने घडवून दिलं. तरी 10 जूनला निघालेली ती गाडी 10 ऑगस्टला पॅरिसला पोहोचली, बाकीच्या तीन गाड्यांच्या जवळपास तीन आठवडे आधी. 1968च्या लंडन-सिडनी मॅरेथॉनमध्ये (त्या गाड्या मुंबईला येऊन तिथून बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या होत्या) सिडनी जवळ आलेली असताना आघाडीवरच्या सित्रोएनची समोरून येणाऱ्या गाडीशी टक्कर झाली. जिंकली ती अँड्र्यू कोवन आणि साथीदारांची हिलमन हंटर, घरोघरी असते तसली कुटुंबाची गाडी. मला ही गोष्ट फार प्रिय आहे, कारण तुमची सलूनही त्याच जातीची आहे.

वडिलांच्या गाडीला ओरखडे पडतील, पत्रा चेपेल, धूळ शिवणींत शिरेल ती वर्षानुवर्षं निघणार नाही. हे सहन होणार नसेल तर नेऊ नका, त्यात कमीपणा काहीच नाही. आमच्या डाव्या दारावरचा पोचा दादाने अजून काढू दिलेला नाही.

जायचं ठरलं तर हातात किमान एक वर्ष ठेवा. तयारी झाली की पूर्ण ओझ्यासह खराब रस्त्यांवर सलग दीड हजार किलोमीटर चालवा, परत आल्यावर प्रत्येक नट तपासा आणि वेल्डिंगच्या कडा बॅटरीच्या उजेडात बघा. रॅलीला जो नेव्हिगेटर म्हणून येणार आहे त्यालाच या फेरीत शेजारी बसवा. गाडी तापलेली, रस्ता चुकलेला, पोटात अन्न नाही, अशा वेळी तुम्ही दोघं एकमेकांशी कसं बोलता ते बघा, आणि मग फॉर्म भरा.