एक वही घे, पोरी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर रडता रडता तू म्हणालीस, "सिस्टर मावशी, मी खंबीर नाही." ते मनाला लागलं, म्हणून लिहायला बसले. चार दिवस आयसीयूबाहेरच्या फरशीवर बसून चिठ्ठी आली की मेडिकलला कोण धावतं? आईला दोन घास कोण भरवतं? रडत का होईना, तूच ना?

आधी बाबांचं. परवा श्वासाची नळी काढली, दोन शब्द बोलले, आणि काल पुन्हा श्वासाची मशीन लावली. तुला वाटलं, आता संपलं. फवारणीच्या विषबाधेत असं होतं, पोरी. पहिला जोर ओसरल्यावर, एक ते चार दिवसांत, मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. उशीवरून मान उचलवत नाही. मग मशीनचा आधार द्यावा लागतो, आणि पुष्कळांची ताकद काही दिवसांनी, काहींची दोन-तीन आठवड्यांनी परत येते. बाबा वाचतीलच असं मी लिहिणार नाही, मला तो अधिकार नाही. पण परत मशीन लागली म्हणजे वाट बंद झाली, असंही समजू नकोस. डॉक्टरांना रोज एवढंच विचार, "आज मान उचलतात का?"

नळी नव्हती तेव्हा ते तुला ओळखत नव्हते, हवेत हात फिरवत होते, आणि मोठी आई म्हणते बाहेरचं लागलं. 2017 च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं किती घरं उघडी पडली, तुला आठवत असेल. तेव्हा मी ड्यूटीवर होते. एक म्हातारे बाबाजी रात्रभर चिमटीनं हवेतून काहीतरी ओढायचे आणि पोटाशी टाकायचे. आम्हाला कळेना. सकाळी त्यांची बायको आत आली, क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "कापूस वेचून राह्यले ना जी."

या विषावर अॅट्रोपिन हे औषध द्यावंच लागतं, तेही भरपूर. त्यानं तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, भ्रम होतो. त्यात झोप नाही, दिवसरात्र तोच ट्यूबलाइट. याला डिलिरियम म्हणतात. हे वेड नव्हे, बाहेरचं तर मुळीच नव्हे. ती बाई कानाशी बसून सांगायची, "आज मंगळवार हाय, तुमी दवाखान्यात आहा, बैल मी बांधले." तुला आत सोडतील तेव्हा तूही असंच सांग. हात बांधलेले दिसले तर घाबरू नकोस, नळी ओढली जाऊ नये म्हणून बांधतात. कधी सोडता येतील, ते मात्र विचार.

आता ज्यासाठी हे पत्र. एक वही घे, साधी, शाळेची. रोज चार ओळी लिही. कोणती तारीख, कोण भेटायला आलं, मशीन कधी लागली, हात का बांधले, वावरात पाऊस पडला का. पुढे बाबांना हे दिवस आठवणार नाहीत, किंवा भलतेच आठवतील. बांधलेले हात आठवून 'मला कोणी पळवून नेलं होतं' असं सांगणारे मी पाहिलेत. युरोपातल्या 6 देशांतल्या 352 रुग्णांच्या अभ्यासात, 2010 साली, अशी वही मिळालेल्यांपैकी 5 टक्क्यांना आघातानंतरचा मानसिक त्रास नव्यानं सुरू झाला, न मिळालेल्यांपैकी 13 टक्क्यांना. 2019 च्या फ्रान्समधल्या अभ्यासात तसा फरक दिसला नाही, हेही सांगते. तरी मी वहीच सांगेन. घरी आल्यावर ती मांडीवर घेऊन 'हा दिवस असा गेला होता का' विचारणारी माणसं माझ्या डोळ्यांपुढं आहेत. आणि लिहिताना तुझाही दिवस तुझ्या हाती राहतो.

लोक विचारतील, "फवारताना लागलं, का पिलं?" पोलिसांचा जबाब हा विषबाधेतला नेहमीचा भाग आहे, खरं ते सांगून मोकळी हो. गावातल्या कोणाला उत्तर देणं तुझ्यावर बंधनकारक नाही. एका दवाखान्यात माझ्यासमोर एका पोराला भर पॅसेजमध्ये हा प्रश्न विचारला गेला होता. मी गप्प राहिले, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

घरी आल्यावरही बाबा काही महिने थकतील, विसरतील, रात्री दचकून उठतील. तूही दचकशील. 2012 पासून वैद्यकात याला नाव आहे, पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम, आणि घरच्यांचा त्रासही त्यातच मोजतात. झोप उडाली, मन लागेना, तर 14416 वर फोन कर. सरकारची टेलिमानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

रविवारी पहिल्या एसटीनं येते. भाकरी आणि तिळाची चटणी आणते. त्या रात्री बाकावर मी बसेन, तू आईला घेऊन धर्मशाळेत जाऊन झोप. तोवरची पानं लिहून ठेव, मी वाचीन.

तुझी,
सिस्टर मावशी