'वादळ' या शब्दात वारा नाही

रावेरहून एका वाचकाची विचारणा आहे. "'अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा, चक्रीवादळाचा इशारा' अशी बातमी येते. इकडे मे महिन्यात केळीचे बाग अर्ध्या तासात आडवे होतात, त्यालाही लोक चक्रीवादळच म्हणतात. पट्टा, वादळ, चक्रीवादळ, वावटळ यांत नेमका फरक काय? आणि वादळ म्हणजे वात अधिक दळ, वाऱ्याचं सैन्य, हे खरं का?"

आधी पट्टा, कारण तो रोज कानाला टोचतो. पट्टा लांबट असतो, हे सांगायला हवामानशास्त्र लागत नाही. नकाशावरच्या समदाब रेषा (सारख्या दाबाच्या जागा जोडणाऱ्या रेषा) एका जागेभोवती मिटून बंद होतात तेव्हा ते कमी दाबाचं क्षेत्र. त्या बंद न होता लांबच लांब खोलगट आकार घेतात तेव्हा पट्टा. पावसाळ्यात दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर असतो तो खरा पट्टा, आणि कोकणातला पाऊस बराचसा त्याच्या जोरावर वाढतो. चक्रीवादळ मात्र क्षेत्रातून वाढतं. पट्ट्याच्या पोटात क्षेत्र तयार होऊ शकतं. झालं की बातमीत क्षेत्र म्हणा. "पट्टा किनाऱ्याला धडकणार" हे वाक्य ज्यानं लिहिलं त्यानं नकाशा पाहिलेला नाही.

पुढच्या पायऱ्या वाऱ्याच्या वेगावर ठरतात आणि वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. १७ नॉटच्या आत क्षेत्र, १७ ते २७ डिप्रेशन, २८ ते ३३ डीप डिप्रेशन. वारा ३४ नॉटवर, म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटरवर गेला की चक्रीवादळ, आणि नाव मिळतं ते तेव्हाच. ४८ नॉटपासून तीव्र, ६४ पासून अतितीव्र. नॉटचा आकडा तसाच किलोमीटर म्हणून छापला की इशारा जवळजवळ निम्म्यावर येतो. ही चूक छपाईतली नव्हे, समजेतली आहे.

आता वादळ. वात अधिक दळ ही फोड शाळेच्या गाइडांतून आणि हौशी शब्दसंग्रहांतून इतकी पसरली आहे की ती कुणी तपासतही नाही. ती चूक आहे. मूळ शब्द संस्कृत 'वार्दल'. त्यातला 'वार्' म्हणजे पाणी. वार्दल म्हणजे पावसाळी दिवस, खराब हवा. प्राकृतात त्याचा 'वद्दल' झाला आणि मराठीत वादळ. सर्प, सप्प, साप. कर्ण, कण्ण, कान. तसंच वार्दल, वद्दल, वादळ. शेवटच्या ल चा ळ झाला तो फल चा फळ होतो त्याच चालीनं.

रावेरच्या माणसाला पटेल असा पुरावा केळीतच आहे. दोन स्वरांमधला एकटा द प्राकृतात टिकत नाही. कदली चा द गळाला, म्हणून आपण केळी म्हणतो. पाद चा गळाला, म्हणून पाय. द टिकतो तो जोडाक्षरात असेल तर: हरिद्रा ची हळद झाली, भाद्रपद चा भादवा. वादळातला द आजही ठणठणीत आहे, म्हणजे तो पूर्वी जोडाक्षरात होता. जोडशब्दात दुसऱ्या पदाचा पहिला वर्ण टिकू शकतो, असा आक्षेप येईल. येऊ द्या. पण मग आधीच्या 'वात' चं काय झालं असतं? मराठीत वात चा 'वाव' होतो: वावटळ, वावडी. म्हणजे रूप 'वावदळ' व्हायला हवं होतं. ते कुणी कधी बोललेलं नाही.

दुसरा पुरावा नवापूरला. तिथल्या रेल्वे स्टेशनातूनच राज्याची हद्द जाते. हद्दीच्या अलीकडे वादळ म्हणजे तुफान, आणि पलीकडे गुजरातीत वादळ म्हणजे साधा ढग. अक्षरं तीच, ळ सुद्धा तोच. गुजराती बातम्यांतलं 'वादळछायुं वातावरण' म्हणजे ढगाळ हवा. नंदुरबार-नवापूरकडच्या माणसानं ते ऐकून पत्रे बांधायला घेऊ नयेत. तुफानाला गुजराती माणूस 'वावाझोडुं' म्हणतो, आणि वारा त्या शब्दात आहे. हिंदीतला 'बादल' हा याच घराण्यातला, फक्त व चा ब झालेला. वाऱ्याचं सैन्य म्हणणाऱ्यांनी मग ढगात सैन्य कुठून आलं ते सांगावं.

यावर काही जाणकार म्हणतात की मराठीनं 'बादल' चा अर्थ बिघडवला. उलट आहे. मूळ अर्थ खराब हवा. पाली विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, बुद्धाच्या मुचलिंद झाडाखालच्या प्रसंगात अवेळी मोठा मेघ येतो, त्याचं वर्णन 'सत्ताहवद्दलिका सीतवातदुद्दिनी' असं आहे: सात दिवसांची वद्दलिका, आणि थंड वाऱ्याचं दुर्दिन, म्हणजे झाकोळलेला दिवस. इथे वात वेगळा सांगावा लागला, कारण वद्दलिकेत तो नव्हता. हिंदी-गुजरातीनं तो अर्थ आकसून ढगावर आणला. मराठीजवळ ढगासाठी अभ्रापासून आलेलं 'आभाळ' होतं (आपण आजही "आभाळ आलं" म्हणतो), म्हणून वादळ खराब हवेसाठी मोकळं राहिलं आणि पुढे त्यात वारा भरला. हे शेवटचं माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे.

त्याच प्रसंगात मुचलिंद नाग बुद्धाभोवती सात वेटोळी घालून त्याला पावसापासून झाकतो. आणि 'सायक्लोन' हा शब्द १८४८ साली कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन यांनी घडवला तो ग्रीकमधून, सापाच्या वेटोळ्याची कल्पना डोळ्यांपुढे ठेवून. वद्दलिका आणि वेटोळं असे दोनदा भेटले. 'चक्रीवादळ' हा जोड म्हणूनच मला आवडतो. 'चक्री' नं त्यात वेटोळं नेमकं पकडलं आहे.

राहिली रावेरची केळी. चक्रीवादळाला खाद्य लागतं ते साधारण साडेसव्वीस अंशांहून गरम समुद्राचं. जमिनीवर चढलं की ते उपाशी पडतं. ३ जून २०२० ला अलिबागजवळ किनारा ओलांडलेलं 'निसर्ग' दुसऱ्या सकाळपर्यंत डिप्रेशनवर उतरलं होतं. रावेर समुद्रापासून तीनशे किलोमीटरांहून आत. तिथे मे महिन्यात बाग झोपवतो तो गडगडाटी ढगाखालून सुटलेला वारा. हवामानखात्याच्या भाषेत वेग एकदम किमान १६ नॉटनं वाढून २२ नॉट किंवा त्याहून वर गेला आणि मिनिटभर तरी टिकला की तो स्क्वॉल. मराठीत 'वादळी वारा' पुरे. वावटळ त्याहून लहान, तापलेल्या शेतातून काही मीटर रुंदीची धूळ उचलते आणि डावी-उजवी कशीही फिरते. चक्रीवादळ आपल्या गोलार्धात घड्याळाच्या उलटच फिरतं.

खात्री करायची तर पडलेली खोडं बघा. निसवलेल्या बागेत घडाच्या वजनानं काही खोडं आपल्या बाजूला कलतात, ती सोडून द्या. बाकीची सगळी एकाच दिशेला किंवा पंख्यासारखी पसरून पडली असतील तर वारा सरळ आला होता, चक्री नव्हे. फळपीक विम्यातही केळीसाठी धोका लिहिलेला असतो तो 'वेगाचे वारे' असा. अर्जात तेच शब्द घाला.