तो घरी चाललाय, तू परदेशी

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

दुबईचं घर आवरायला घेतलंस आणि ऑगस्टमध्ये जर्मनीला जायचं नक्की झालं, हे तुझ्या आईकडून कळलं. बोलता बोलता ती म्हणाली, ‘बरं झालं, दोघं एकदाची घरी चालली.’ ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. घरी चाललाय तो तुझा जर्मन नवरा. तू पुन्हा परदेशी चालली आहेस, आणि या खेपेला परकी तू एकटीच असणार आहेस. विमानात बसण्याआधी तुम्ही दोघांनी हे एकमेकांशी मोकळेपणाने बोलून घ्यावं, असं मला फार वाटतं.

माझा नवराही जर्मनच. लग्नानंतर मस्कतमध्ये आम्ही बारा वर्षं काढली. तिथे दोघंही उपरे. घरमालकाशी वाद झाला तर दोघं मिळून घालायचो, रहिवासी कार्डाच्या रांगेत दोघं उभे, आणि सणावारी घरची आठवण आली तर तीही दोघांना. आपसात इंग्रजी बोलायचो. ती ना त्याची भाषा, ना माझी. चुकलं तर दोघांचंही चुकायचं. आमचा संसार त्या बरोबरीवर उभा होता, हे ती हातातून गेल्यावर मला समजलं.

२००९ साली आम्ही श्टुटगार्टजवळ त्याच्या गावी आलो. पहिल्या संध्याकाळी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात जेवायला बसलो. जेवण म्हणजे पाव, लोणी, चीज, व्हिनेगरमधल्या काकड्या. संध्याकाळी तिथे चूल पेटवत नाहीत. सासूबाई पाव छातीशी धरून, सुरी स्वतःकडे ओढत काप काढत होत्या आणि मायलेक बोलत होते. मी पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनातून ए-वन, म्हणजे जर्मन भाषेची अगदी पहिली परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होऊन आले होते. मला एक अक्षर कळलं नाही, कारण ते बोलत होते त्या भागातल्या श्वाबियन बोलीत. त्याचा आवाजसुद्धा वेगळा, जड, ऐसपैस. टेबलावर कोपर टेकून तो असा हसत होता, जसा मस्कतला बारा वर्षांत कधी हसला नव्हता. मला समजावून सांगायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही. त्यात दुष्टावा मुळीच नव्हता. तो घरी आला होता, एवढंच. मी हातातला पाव तसाच धरून बसले होते.

तुझ्यावरही अशी संध्याकाळ येईल. तेव्हा त्याच्यावर रागावू नकोस, पण गप्पही बसू नकोस. ‘काय म्हणाल्या त्या?’ असं विचार. दहा वेळा विचार.

माझी खरी चूक पुढची. तो चांगला माणूस, म्हणून माझी सगळी कामं त्याने अंगावर घेतली आणि मी घेऊ दिली. डॉक्टरांची वेळ त्याने घ्यायची, पत्रं त्याने फोडायची, फोन त्याने करायचे. एका कचेरीत खिडकीवरच्या बाईंनी माझा पासपोर्ट हातात धरून त्याला विचारलं, ‘यांचं शिक्षण काय?’ मी शेजारीच उभी होते. त्याने उत्तर दिलं. मीही दिलं असतं, तेवढं जर्मन मला येत होतं. पण तोवर माझी सवय मोडली होती. मग २०११ मध्ये त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि तो तीन आठवडे घरी नव्हता. रोज पत्ता दिसायला पारदर्शक खिडकी असलेली पाकिटं येत होती. विमा, वीज, कर. चौथ्या दिवशी मी शब्दकोश घेऊन बसले. पहिलं पत्र वाचायला दीड तास लागला. विजेच्या हप्त्याचं होतं.

म्हणून सांगते, पहिल्या दिवसापासून आपली कामं आपण करायची. राहत्या जागेत आल्यापासून दोन आठवड्यांत तिथल्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. तिथे तो बरोबर असू दे, पण बोल तू. व्याकरण चुकलं तर चुकू दे. एकात्मीकरणाच्या कोर्सला, तिथे इंटिग्रेशन्सकुर्स म्हणतात, आल्या आल्या नाव घाल. सहाशे तास भाषा आणि शंभर तास देशाचे कायदे, इतिहास, रीतीभाती. घरात शिकेन, नवरा शिकवेल, असं म्हणशील तर शिकणार नाहीस. जोडप्याची बोलायची भाषा एकदा ठरली की ती घरात सहसा बदलत नाही. आम्ही आजही भांडतो ते इंग्रजीत.

कागदांचं आता लगेच बघ. जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी ए-वन लागतं, हा नियम २००७ पासून आहे. ती परीक्षा तू देशीलच. जास्त वेळ खाणारी गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे जन्माची नोंद आधी होते आणि बारसं नंतर, त्यामुळे जुन्या दाखल्यांवर पुष्कळदा बाळाचं नावच नसतं. माझ्या दाखल्यावर नुसतं ‘स्त्री’ होतं. नगरपालिकेत जाऊन नाव घालून घ्यायला आईच्या तीन फेऱ्या झाल्या. आणि अपोस्टीलचा, म्हणजे आपला दाखला परदेशात चालावा म्हणून आंतरराष्ट्रीय करारानुसार मारतात तो शिक्का मारला की झालं, असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. भारताच्या बाबतीत जर्मनीने त्या कराराला आक्षेप घेतलेला आहे. मागितलं तर दाखल्याची पडताळणी दूतावासामार्फत होते, प्रत्यक्ष गावी चौकशी करून, आणि त्यात महिने जातात. पासपोर्टवरचं नावही नीट पाहा. आपलं मधलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, तिथे तुझंच दुसरं नाव समजतात. माझ्या वडिलांचं नाव आजही माझ्या विम्याच्या कार्डावर माझं म्हणून आहे. आता ते बघितलं की बरंच वाटतं.

आता जरा कठीण बोलते. तुझा तिथला परवाना सुरुवातीला लग्नावर टांगलेला असतो. जर्मनीत तीन वर्षं एकत्र संसार झाला, की पुढे बिनसलं तरी तुझा राहण्याचा हक्क स्वतंत्रपणे मागता येतो. त्याआधी छळासारखं कारण असेल तर कायदा सवलत देतो. दुबईतली नऊ वर्षं यात धरत नाहीत. तुमचा संसार त्यांच्या हिशेबी पुन्हा शून्यापासून सुरू होतो. तुझ्या नवऱ्याबद्दल माझ्या मनात काहीही शंका नाही, तरी हे तुला माहीत असायला हवं. तीन वर्षांनी, बी-वन, म्हणजे मधल्या पायरीपर्यंत भाषा येत असेल तर, कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. तो आधी घे. नागरिकत्वाची घाई करू नकोस. जर्मनीने जून २०२४ पासून जुनं नागरिकत्व ठेवायची मुभा दिली आहे, पण आपला देश दुसरं चालवून घेत नाही. निळा पासपोर्ट परत करावा लागतो आणि मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते. तो पासपोर्ट हातातून देताना काय होतं हे मी आत्ता सांगत नाही. तुझा निर्णय तुझा असू दे.

पैशाचं एकच. पगारातून दरमहा किती कर कापायचा ते तिथे करवर्गावरून ठरतं, आणि नवरा-बायकोला वर्गांची जोडी निवडता येते. तो म्हणेल, त्याला तीन आणि तुला पाच घेऊ, महिन्याला हातात जास्त येतात. वर्षाअखेर दोघांचा एकूण कर तेवढाच बसतो, पण पाचव्या वर्गात तुझा हातात येणारा पगार लहान दिसतो. बेकारभत्ता आणि बाळंतपणानंतरचा पालकभत्ता त्या लहान आकड्यावरून ठरतात. दोघांना चौथा वर्ग, म्हणजे चार-चार माग. आणि छोटी अर्धवेळ नोकरी धरलीस तरी पेन्शनची वर्गणी भरण्यातून सूट घेऊ नकोस. म्हातारपणीच्या पेन्शनला किमान पाच वर्षं भरावी लागतात.

त्याच्याकडेही लक्ष ठेव. माझा नवरा १९९६ मध्ये देश सोडून गेला तेव्हा खिशात मार्क होते, परतला तेव्हा युरो आले होते. शाळेतले मित्र आपापल्या पोराबाळांत गुंतलेले. मस्कतच्या गोष्टी दोन वाक्यांपलीकडे कोणी ऐकेना. पण तो तिथलाच, म्हणून त्याला ‘रुळलास का?’ असं कोणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. एका रात्री तो ओट्याशी उभा राहून मस्कतहून आणलेल्या डब्यातलं सुकं लिंबू नुसतं हुंगत होता. तेव्हा मला कळलं, की आमचं दोघांचं मिळून एक गाव सुटलंय. दुबईची भाषा, दुबईच्या खुणा, तुमचे तिथले विनोद जपा. ते माहीत असलेली तिथे तुम्ही दोघंच असाल.

आईबाबांचं मात्र ठरवूनच निघ. दुबईहून घरी जायला तीन-साडेतीन तास लागतात, रात्री फोन आला तर सकाळी पोचता येतं. तिकडून पूर्ण दिवस जातो. माझे वडील गेले तेव्हा मी फ्रँकफर्टच्या विमानतळावर बसले होते. त्याचे आईवडील दर रविवारी दुपारी कॉफी-केकला भेटणार, तुझे वर्षातून एकदा. हा फरक कोणी मिटवू शकत नाही, पण तो तुमच्या घरखर्चात दिसला पाहिजे. एका तातडीच्या तिकिटाचे पैसे कायम वेगळे ठेवा, आणि वर्षाची पुण्याची फेरी इतर कशासाठीही रद्द करायची नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घे. ‘तुझ्यासाठी मी सगळं सोडलं’ हे वाक्य भांडणात माझ्या तोंडून दोनदा गेलं आहे. दोन्ही वेळा ही बोलणी आधी केलेली नव्हती म्हणूनच गेलं.

पुढच्या आठवड्यात तू आईकडे जाणार आहेस ना? कपाटातल्या पत्र्याच्या पेटीत तुझा जन्मदाखला असेल. दोन्ही बाजूंचा फोटो काढून मला पाठव. नाव आहे का ते आधी बघू.

तुझी,
मावशी