फुलपाखराची ‘नीळ’ आणि डोंगरावरचा ‘सडा’

खानापूरच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, हिमालयात वृक्षरेषेच्या, म्हणजे जिच्यापुढे झाडे वाढत नाहीत त्या उंचीच्या, वर उडणाऱ्या लहान निळ्या फुलपाखराच्या चित्राखाली विद्यार्थ्याने ‘डोंगरी नीळ, अधिवास : सडा’ असे लिहिले, ते बरोबर धरावे का.

‘नीळ’ हा शब्द मी येथे स्वीकारणार नाही. मराठीत नीळ ही धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांना द्यायची वस्तू आहे. या फुलपाखरांच्या पंखांत मात्र निळे रंगद्रव्य नसतेच. खवल्यांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होऊन निळेपणा दिसतो. म्हणून ‘पर्वतीय निळे फुलपाखरू’ असे सरळ लिहावे. त्यातही ‘निळे’ हे गटाचे नाव समजावे, कारण यातील अनेक जातींची मादी तपकिरी असते. नेमकी ओळख पटवण्यासाठी पंखांची खालची बाजू पाहावी लागते. तेथे पांढरी कडा असलेले काळे ठिपके कोठे आणि कसे मांडलेले आहेत, यावर जात ठरते.

‘सडा’ म्हणजे डोंगरमाथ्यावरचे उघडे खडकाळ पठार. हा आपला सुंदर शब्द आहे, पण तो येथे चुकतो. सह्याद्रीतील चोर्ला-कणकुंबीकडचे सडे उघडे आहेत ते जांभ्या खडकावर माती फार थोडी टिकते म्हणून. हे फुलपाखरू उडते ती हिमालयातील कुरणे वृक्षहीन आहेत ती कडाक्याची थंडी, अनेक महिने साचणारे बर्फ आणि अत्यंत तोकडा उन्हाळा यांमुळे. सह्याद्रीचे सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटर उंच आहे, तर ही कुरणे साधारणपणे 3,000 मीटरच्या वर लागतात. त्यांना गढवालात ‘बुग्याल’ म्हणतात आणि हिमालयात पदभ्रमण करणाऱ्या मराठी लोकांच्या तोंडी तो शब्द रुळलेला आहे. तोच घ्यावा.

‘अधिवास’ ठीक आहे. फक्त ‘आढळ’ म्हणजे प्रदेश आणि ‘अधिवास’ म्हणजे त्या प्रदेशातील राहण्याजोगी जागा, हा भेद मुलांना सांगावा. तुरीच्या फुलांवर येणारे, मागच्या पंखाला केसासारखी शेपटी आणि तिच्या बुडाशी दोन काळे ठिपके असणारे लहान निळे फुलपाखरू त्यांनी शेतात पाहिलेले असेल. ते याच कुळातील असले तरी त्याची अळी शेंगांवर वाढते, म्हणून त्याचा अधिवास ‘कडधान्याची शेते’ असा लिहिता येईल. विद्यार्थ्याच्या चित्राखाली मात्र ‘पर्वतीय निळे फुलपाखरू, आढळ : हिमालय, अधिवास : बुग्याल’ असे असावे.