बीएडचा फॉर्म भरतेयस ना, मग आधी हे वाच

अगं सीईटीचं एवढं टेन्शन घेऊ नकोस, १०० प्रश्न, ९० मिनिटं आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडून यायचं नाही. इंग्लिश मिडियमचं कॉलेज हवं असेल तर ईएलसीटीपण (इंग्रजीची वेगळी परीक्षा) दे.

खरी वाट लागते ती कागदपत्रांत. माझंच बघ, दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि डिग्रीवर शेवटी, त्यात आईच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, म्हणून व्हेरिफिकेशनला फॉर्म परत आला आणि मी ऑफिसमधून हाफ डे टाकून गोरेगावच्या सायबर कॅफेत स्कॅन करत बसले, ॲडमिशनचा पहिला राऊंड गेला तो गेलाच. नॉन क्रीमी लेयर लागत असेल तर आत्ताच काढ, त्याची मुदत ३१ मार्चला संपते, जुनं दाखवून चालत नाही. डोमिसाईलही आत्ताच काढ, जूनमध्ये सेतू केंद्रात गर्दी मरणाची.

कॉलेज भरताना नुसतं नाव बघू नकोस. एनसीटीईची (शिक्षक प्रशिक्षणाच्या कोर्सना मान्यता देणारी केंद्राची परिषद) मान्यता आहे का बघ, तुझ्या विषयाची मेथड, म्हणजे तो विषय शिकवण्याची पद्धत, तिथे शिकवतात का विचार, आणि लोकलचा हिशोब कर. २०१५ पासून कोर्स दोन वर्षांचा झालाय आणि त्यात शाळेत इंटर्नशिप असते, सकाळच्या शाळेत सातच्या आत हजर, वर रात्री पाठाची टाचणं लिहायची. विरारहून चर्चगेट रोज झेपेल का ते तूच ठरव (मला नसतं झेपलं बाबा).

आणि हो, बीएड करून सहावी ते आठवीला शिकवायचं असेल तर टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) वेगळी द्यावी लागते.