लताकिया, पेरीक आणि शंभरपैकी गुण

प्रश्न : भाच्याने फ्लोरिडाहून सिगारची पेटी आणली. नेहमीच्या सिगारच्या पानांबरोबर पाइपचा तंबाखू, म्हणजे लताकिया आणि पेरीक, घातल्याचं पेटीवर लिहिलंय. आमच्या बैठकीत एकाने १०० पैकी ९३ गुण दिले, दुसऱ्याने ७५. मला सुरुवातीला होमाच्या धुराचा वास आला आणि पुढे जीभ चुरचुरली. अशा सिगारला गुण द्यायचे तरी कशावर?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : कंपनीचं नाव तुम्ही कळवलंत, पण ते इथे छापत नाही. तंबाखूची जाहिरात या सदरातून होऊ नये.

धुराचा वास तुम्ही अचूक ओळखलात. लताकियाला खरोखरच धुरी देतात. नाव सीरियातल्या बंदराचं, पण आता बाजारात येणारा माल मुख्यतः सायप्रसचा असतो. उन्हात वाळवलेली पानं कोठारात टांगून खाली सुगंधी झुडपांचा आणि पाइनच्या लाकडांचा धूर करतात. पान काळं होतं. पुढे ते कशातही मिसळा, ती धुरी सगळ्यांत आधी नाकात शिरते. म्हणून पहिल्या इंचावर गुण द्यायचेही नाहीत आणि कापायचेही नाहीत. तुमच्या ९३वाल्या मित्रांनी बहुधा तिथेच निकाल लावला.

पेरीकची गोष्ट वेगळी. हा लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्याचा तंबाखू. व्हिस्कीच्या ओकच्या पिंपांत पानं ठासून भरतात, वरून जॅकने दाब देतात आणि वर्षभर स्वतःच्याच रसात आंबू देतात. मधूनमधून बाहेर काढून हवा दाखवायची, पुन्हा दाबायचं. मला या पानाबद्दल फार आदर आहे. इतकी मेहनत फार थोड्या तंबाखूंना मिळते. आधी मिरीचा तिखटपणा येतो, मागून मनुका-अंजिराची गोडी. मिश्रणात तो थोडाच घालतात.

आता जिभेचं. सिगारचं पान हवेवर वाळवून ढिगात आंबवलेलं असतं, त्यात साखर जवळजवळ उरत नाही. पाइपच्या मिश्रणात बहुतेक वेळा व्हर्जिनिया जातीचा तंबाखू असतोच. तो भट्टीच्या उष्णतेवर वाळवतात, त्यामुळे साखर पानातच राहते. गुंटूर-प्रकाशमच्या लिलावांत पानं पारखण्यातच माझी नोकरी गेली. चांगलं व्हर्जिनिया पान चुरगळलं की बोटांना किंचित चिकटतं. तोच गोडवा घाईने ओढला की जिभेला झोंबतो. शिवाय चांगल्या सिगारमध्ये लांब पानं घडी करून भरतात, आणि पाइपचा तंबाखू असतो कापलेला. तो मधोमध दाटला की हवा अडते, माणूस जोर लावून ओढतो आणि सिगार तापते. पुढची सिगार मिनिटाला एकच झुरका घेऊन ओढून पाहा. तरीही जीभ चुरचुरली तर दोष बांधणीचा, आणि त्याचे गुण निःसंकोच कापा.

सिगारचे तीन भाग धरले तर माझा कौल मी मधल्या भागात देतो. तोवर धुरी थोडी बसलेली असते आणि खाली सिगारचं पान आहे की नाही ते कळतं. माती, जुनं लाकूड, कोको यांतलं काहीतरी लागलंच पाहिजे. एका झुरक्यात पाइप आणि दुसऱ्यात सिगार असं आलटूनपालटून लागत असेल तर ते मिश्रण जमलेलं नाही, मी ८५च्या वर जात नाही. एकाच झुरक्यात धुरी, मिरी आणि मातकटपणा आला, आणि शेवटाकडे कडवटपणा चढला नाही, तर ९० द्यायला माझी ना नाही. १९९२ साली सुरू झालेल्या ‘सिगार अफिशिओनाडो’ या अमेरिकी मासिकाच्या मोजपट्टीत ८० ते ८९ म्हणजे ‘फार चांगली ते उत्कृष्ट’, हेही मित्रांना सांगा. आपल्याकडे ८२ म्हटलं की चेहरे पडतात. ते मासिक नावाची पट्टी काढून परीक्षण करतं, तुम्हीही तसंच करा.

प्रश्न : आमचे हे म्हणतात, सिगारचा धूर छातीत घेत नाही, म्हणून त्रास नाही. खरं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, ताई. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाशी सिगारचा संबंध सिद्ध झालेला आहे. काही मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असतो. तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा बरी न होणारी जखम दिसली तर त्यांना लगेच दंतवैद्याकडे न्या. आणि सोडायचं त्यांच्या मनात आलं तर १८००-११२-३५६ ही सरकारची मोफत मदतवाहिनी आहे.

प्रश्न : लताकियाची सिगार बाकीच्या सिगारींबरोबर एकाच डब्यात ठेवली तर चालेल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अजिबात नको. काही आठवड्यांत सगळ्यांना धुराचा वास लागेल, आणि डब्याचं लाकूडही तो धरून ठेवेल. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत वेगळी ठेवा, आर्द्रता ६५ ते ७० टक्के. व्हॅनिला किंवा रमचा वास दिलेल्या सिगारीला आणखी वेगळी बरणी.