प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या लेंटमध्ये, चाळीसही दिवस उपवास करायचा असतो का?

नाही, कॅथोलिकांना सक्तीचे उपवास दोनच: राखेचा बुधवार (या काळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे. चर्चच्या कायद्यातली कलमं 1251 आणि 1252 तसं सांगतात. 18 पूर्ण झाल्यापासून 59 पूर्ण होईपर्यंत हे बंधन आहे. त्या दिवशी एकदाच पोटभर जेवायचं. आणखी दोनदा थोडं खाता येतं, पण ते दोन्ही मिळून एका जेवणाइतकं होऊ नये. मांस मात्र शुक्रवारीही वर्ज्य, 14 पूर्ण झालेल्या सगळ्यांना. मासे, अंडी चालतात. पण मटणाऐवजी महागडं पापलेट आणलं तर साधेपणा राहत नाही. भाजी-भाकरी करा आणि वाचलेले पैसे त्याच दिवशी दानाच्या डब्यात टाका, नंतर म्हटलं की ते घरखर्चात जिरतात. आजारी आणि गरोदर व्यक्तींना उपवासातून सूट आहे.